बिंदुसरेचें बीड

आपलें बीड शहर ज्या बिंदुसरेच्या दोन्ही तीरांवर वसलें आहे, ती बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावून सिंदफणेस मिळते, आणि सिंदफणा गोदावरीस. डोंगर जवळ असल्यामुळें पावसाळ्यांत लोंढा एकाएकीं येतो. एरव्हीं पात्र बहुधा कोरडेंच. सन १९८९ च्या जुलै महिन्यांत, २३ तारखेस, महापुरानें काठची वस्ती उद्ध्वस्त केली व अनेकांचे प्राण घेतले. पात्रालगत घरें बांधलीं, हा दोष मात्र नदीचा नव्हे.

अशा लहरी नदीवर सर्वस्वीं विसंबूं नये, हें जुन्या लोकांनीं ओळखिलें होतें. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानींत, सन १५८३ च्या सुमारास, येथील जहागीरदार सलाबतखान यानें शहराच्या दक्षिणेस खजाना विहीर बांधविली. रचना राजा भास्कर याची. भूमीच्या उदरांतील झरे भुयारांनीं विहिरींत आणिले, आणि दुसऱ्या भुयारानें तेंच पाणी, मोट न लावतां, केवळ उतारानें, दूरच्या शेतांपर्यंत नेलें. नांव सार्थच म्हणावयाचें!

सोलापूरच्या वाटेनें जातांना आपल्यांपैकीं किती जण थांबून त्या पायऱ्या उतरले, हें मी विचारीत नाहीं. मी स्वतः तेथें फार उशिरां गेलों.