हत्ती आला कुठून?

संस्कृत वैद्यकातल्या हत्तीरोगात हत्ती नाही. सुश्रुतसंहितेत या रोगाचे नाव श्लीपद. टीकाकार त्याची फोड ‘शिळेसारखा पाय’ अशी करतात. जुने पाणी साचून राहते अशा थंड, ओलसर मुलखात तो विशेष होतो, हेही सुश्रुताने सांगून ठेवले आहे. डासांचा संबंध पॅट्रिक मॅन्सनने चीनमध्ये दाखवला तो १८७७ साली. मग शिळेच्या जागी हत्ती कसा आला?

‘एलिफंटायसिस’चे भाषांतर, हे सोपे उत्तर. मला ते पटत नाही. ग्रीकांचा एलिफंटायसिस म्हणजे कातडी हत्तीसारखी राठ करणारा कुष्ठरोग. सुजलेल्या पायाला ‘दाउल फील’, म्हणजे हत्तीचा रोग, म्हणाले ते अरब हकीम. मध्ययुगातल्या लॅटिन भाषांतरकारांनी त्यालाही ग्रीकांचाच शब्द चिकटवला आणि एका नावाखाली दोन रोग नांदू लागले. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टरही ‘ग्रीकांचा’ आणि ‘अरबांचा’ एलिफंटायसिस असे वेगळे सांगत. साताऱ्याला सिव्हिल सर्जन राहिलेले हेन्री व्हॅनडाइक कार्टर (‘ग्रेज ॲनाटमी’ची चित्रे यांचीच) यांच्या १८७४च्या पुस्तकाच्या शीर्षकातच कुष्ठ आणि एलिफंटायसिस अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत.

आता फारसी ‘पीलपा’ पाहा: पील म्हणजे हत्ती, पा म्हणजे पाय. हिंदीत तोच फीलपाँव, मराठीत हत्तीपाय. इंग्रजी शब्दात पाय नाहीच. तिथून उचलला असता तर आपल्या शब्दात पाय आला असता का? आणि हत्तीरोग तर थेट ‘दाउल फील’. यावर कोणी म्हणेल, तसला पाय पाहून हत्ती कुणालाही सुचेल. पण हत्ती रोज पाहणाऱ्या आपल्या वैद्यांना तो सुचला नाही. असाध्य श्लीपदाला त्यांनी उपमा दिली ती वारुळाची.

बहामनी आणि आदिलशाही अमदानीत रत्नागिरीच्या दाभोळ बंदराचा व्यापार अरबस्तान-इराणशी चाले. हकिमी विद्येबरोबर हा हत्ती त्याच वाटेने मराठीत शिरला, असे माझे ठाम मत आहे. कोकणात कुणाच्या घरी वैद्यकाचे जुने मोडी बाड असेल, तर त्यात या रोगाला कोणते नाव दिले आहे ते जरूर पाहावे आणि कळवावे.