डच वाक्य आणि मराठी मन

इंग्रजीतून डच शिकवणारी पुस्तके धरून चालतात की शिकणाऱ्याला इंग्रजीच येते. चिंचपोकळीच्या चाळीतून वा टॉवरमधून आइंडहोव्हनला नोकरीसाठी निघालेल्या माणसाला हे लागू पडत नाही. पुस्तक ज्याला डचचा विचित्रपणा म्हणते, त्यातले बरेचसे तो घरी रोज बोलतो.

क्रियापदाचे स्थान पाहा. ‘कारण मी उद्या चिंचपोकळीला जातो’ हे डचमध्ये ‘ऑमदाट इक मॉर्खन नार चिंचपोकळी खा’ असे होते. ‘खा’ म्हणजे जातो, आणि ते शेवटी आले. इंग्रजी माणूस इथे अडखळतो. आपल्याला फक्त ‘ला’ऐवजी ‘नार’ स्थळाच्या आधी ठेवायचे असते. गौण वाक्यात ही रचना चालते. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागेवर हटून बसते: ‘मॉर्खन खा इक नार चिंचपोकळी’. ‘उद्या’ पुढे आला की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो. इथे ना मराठी कामाला येते ना इंग्रजी. ही सवय घोटूनच लागते. त्यातही ‘कारण’साठी ‘वांट’ हा दुसरा शब्द आहे, आणि त्याच्यामागे क्रियापद शेवटी जात नाही. नवशिक्याने बिनधास्त ‘वांट’ वापरावा.

संख्यांत आपली बाजू आणखी भक्कम. डच माणूस एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतो, एकक आधी, आपल्यासारखाच. एकोणतीसची वजाबाकी तेवढी त्याच्याकडे नाही. ‘हाल्फ द्री’ म्हणजे शब्दशः अर्धे तीन, पण वेळ अडीचची. आपला अडीचही संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. ‘हाल्फ द्री’चे साडेतीन केले तर भेटीला तासभर उशीर ठरलेला.

शब्दसंग्रहासाठी मात्र इंग्रजीच धरावी. वाटर, बूक, मेल्क, आपल हे ओळखीचे चेहरे आहेत. फसवे शब्दही आहेत: ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ नव्हे, हुशार.

लिंग ही खरी डोकेदुखी. डचमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग एकत्र होऊन त्यांचे उपपद ‘द’ झाले, नपुंसकाला ‘हेट’ राहिले. ‘हेट मेइश्ये’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर इंग्रजी विद्यार्थी हसतो. गिरणीच्या दिवसांत कोकणातून आलेल्यांनी भरलेल्या लालबाग-चिंचपोकळीत कुणी हसू नये. मालवणीतले ‘चेडू’, म्हणजे मुलगीच, तेही नपुंसकच. पाणी, पुस्तक, मूल हे दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी. म्हणून लगेच विश्वास टाकू नये: शहर आपल्याकडे नपुंसक, डचमध्ये ‘द स्टाट’. असा मेळ निव्वळ योगायोग असतो. तेव्हा वहीत नाम कधीही एकटे लिहू नका. ‘द’ किंवा ‘हेट’ जोडूनच लिहा आणि तसेच पाठ करा.