माळ्यावरची निळी ट्यूब

गेल्या रविवारी घरचा माळा आवरायला काढला होता. जुन्या मॉनिटरच्या खोक्यामागे चार ट्यूबची एक पत्र्याची पट्टी सापडली. दोन ट्यूब पांढऱ्या, दोन निळ्या. बायको म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाकू?" मी नुसतंच "थांब जरा" म्हणालो आणि फडकं घेऊन ती पट्टी पुसत बसलो. वीकेंडचा लेख मिळाला होता!

गोष्ट २००७ सालची. मी पुण्यात नोकरीला, आणि शुक्रवारी रात्रीची बस पकडून घरी औरंगाबादला. (शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण जुनी गोष्ट सांगताना तोंडात जुनंच नाव येतं, चालवून घ्या.) 'फाइंडिंग निमो' २००३ मध्ये आला होता, आणि तो बघून जे लोक येडे झाले त्यात मीही होतो. समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर लांब, नळाला रोज पाणी नाही, वरून लोडशेडिंग. आणि मला सिडकोतल्या घराच्या हॉलमध्ये हवा होता खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक! त्यात ते केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, आणि पुढेमागे जिवंत प्रवाळ.

मासे टिकले. ती बाबांची कृपा, आठवडाभर तेच बघायचे. अडलं ते लाईटवर. माशांना कुठलाही दिवा चालतो, प्रवाळाला चालत नाही. का चालत नाही हे शोधायला बसलो, तर एक वेगळाच इतिहास हाती लागला.

प्रवाळ हा प्राणी, झाड नव्हे. पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षभर मुक्काम ठोकून होती. त्यांनी प्रवाळ चक्क अंधाऱ्या पेटीत कोंडले. काही महिन्यांत आतलं शैवाल नाहीसं झालं, पण खायला घातलेले प्रवाळ जगले. यंग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ मांसाहारी आहे, त्याचं पोट काही शैवालावर चालत नाही.

हा निष्कर्ष पुढे मागे पडला. १९५८ मध्ये मस्कटीन आणि हँड या दोघांनी प्रवाळाच्या चुलत घराण्यातल्या सी-अॅनिमोनीवर किरणोत्सारी कार्बन वापरून प्रयोग केला. शैवालाने उजेडात बनवलेलं अन्न यजमानाच्या अंगात जातं, हे त्यात दिसलं. नंतर प्रवाळांबाबतही तेच सिद्ध झालं. थोडक्यात, भाडेकरू भाडं देतो, तेही रोजच्या जेवणाच्या रूपात. आणि त्याची चूल पेटते उजेडावर.

मग घरातल्या टँकमध्ये हा उजेड आणायचा कुठून? जाकार्तातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सरळ ऊन. बस्स. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्या माणसाला हे जमतं. युरोपातल्या हौशी लोकांकडे कुठलं एवढं ऊन? त्यांना दिवेच शोधावे लागले. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट या डच माणसाची लेखमाला अमेरिकेत छापून आली, आणि दिवाणखान्यातलं प्रवाळ हे खूळ तिथे जोरात पसरलं.

यातला एक हाताशी असलेला दिवा म्हणजे आपली ट्यूबलाईट. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने ती १९३८ मध्ये बाजारात आणली. नळीत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज गेली की मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात, ते आपल्याला दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली पावडर ते गिळते आणि दिसणारा उजेड बाहेर टाकते. म्हणजे पावडर बदलली की रंग बदलला. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, फक्त कॉन्फिगरेशन वेगळं. टी-१२, टी-८, टी-५ ही नावं जाडीची, आकडा म्हणजे इंचाचे आठवे भाग. टी-५ जेमतेम १६ मिलिमीटरची. त्यामुळे तेवढ्याच पट्टीत जास्त नळ्या मावतात, म्हणून हौशी लोकांची ती लाडकी.

मी काय केलं? खोक्यावर ज्या ट्यूबचे लुमेन जास्त, ती उचलली. इंजिनीअर ना! मोठा आकडा म्हणजे चांगला आकडा. :)

इथेच फसलो. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यावरून बेतलेलं आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात प्रखर वाटतो, म्हणून लुमेनमध्ये त्याला मार्क जास्त. समुद्राखालचा हिशेब निराळा. तांबडा प्रकाश पाणी पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, खोलवर पोचतो तो निळा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परत येताना समुद्राचा निळा रंग तपासला आणि मुंबई बंदरातून 'नेचर'ला पत्र पाठवलं. हा निळेपणा निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात त्याचा तो परिणाम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रवाळातलं शैवाल या निळ्या दुनियेतलं. त्याच्या भुकेला लुमेनचं माप लागूच पडत नाही.

म्हणून मग निळी ट्यूब शोधली. फिलिप्सची '०३' क्रमांकाची, ४२० नॅनोमीटरच्या आसपासची. पुण्याहून ती आणली तर बाबा बघून हसायलाच लागले. "अरे, ही तर आमच्या अमोनिया प्रिंटची!" बाबा चिकलठाणा एमआयडीसीत ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंगखाली पिवळा कागद ठेवून मशीनमध्ये घालायचा. जिथे उजेड पडेल तिथलं रसायन मरतं, रेघांखालचं उरतं आणि अमोनियाच्या वाफेने निळं होतं. ही ट्यूब असल्या कामांसाठीचीच, मत्स्यप्रेमींनी ती उसनी घेतली. दोन पांढऱ्या आपल्या डोळ्यांसाठी, दोन निळ्या शैवालासाठी, असा जोड मी लावला.

आता फक्त प्रवाळ आणायचा होता. एक विक्रेता म्हणाला, "जिवंत कोरल मागवून देतो, पण बिल नाही मिळणार."

मी खुशीत घरी सांगितलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "बिल का नाही?"

त्या 'का'चं उत्तर शोधलं आणि गार पडलो. २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे तिथेच! शिक्षा तीन ते सात वर्षं तुरुंगवास. म्हणजे मी महिनाभर लुमेन आणि नॅनोमीटर घोटत होतो, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो जीव कुठून खणून येणार, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

प्रवाळ आणला नाही. त्या निळ्या ट्यूब पुरत्या महिनाभरही जळल्या नसतील.

दोन वर्षांनी मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मास्क लावून पाण्यात डोकं घातलं. पाणी गढूळ, प्रवाळ तपकिरी, मळकट हिरवे. क्षणभर हिरमोड झाला. फोटोतला तो झगमगाट कुठाय? नंतर कळलं की त्या झगमगाटाला टँकवरचा निळा दिवाही कारणीभूत असतो. कित्येक प्रवाळांच्या अंगात अशी प्रथिनं असतात की ती निळा प्रकाश घेतात आणि हिरवा, तांबडा परत टाकतात. ट्यूबमधली पावडर करते तेच काम! इथेही मी आधी दिवा माझ्या डोळ्याने मोजला होता, आणि मग प्रवाळही माझ्याच डोळ्याने.

असो. आता हौशी लोकांकडेही एलईडी आलेत. पाऱ्याच्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ च्या अखेरपर्यंत थांबवायचं, असं २०२३ मध्ये मिनामाटा कराराच्या देशांनी ठरवलं, आणि भारत त्यात आहे. मिनामाटा हे जपानमधल्या एका उपसागराचं नाव. कारखान्याचा पारा पाण्यात गेला, तिथून माशांत, माशांतून माणसांत. १९५६ मध्ये त्या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली.

तेव्हा बायकोला सांगितलं, पत्रा खुशाल भंगारात दे. चारही ट्यूब मात्र जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ई-कचऱ्याच्या पिशवीत ठेवल्यात. फुटू न देता पोचवायच्या आहेत. समुद्र लांब असला तरी.