एक तृतीयांश गावाचा

वाचनालय सुरू करणे आणि वाचनालय बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. रत्नागिरीत १८२८ साली, नाशकात १८४० साली, पुण्यात १८४८ साली आणि कोल्हापुरात १८५० साली वाचनालये सुरू झाली. सुरू व्हायला चार सुशिक्षित माणसे, एखादा अनुकूल अधिकारी, थोडी वर्गणी आणि एक कपाट एवढे पुरत असे. इमारतीचे मात्र तसे नाही. जागा हवी, नकाशा हवा, अंदाजपत्रक हवे आणि काम अर्ध्यावर आले की पैसे कोण देणार याचे उत्तर आधीच तयार हवे. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथालयांचा इतिहास आपण संस्थापकांच्या नावांनी सांगतो. तो बांधकामाच्या हिशेबांवरून सांगितला तर वेगळाच दिसतो.

मुंबईच्या टाउन हॉलचेच पाहा. आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय जिथे आहे त्या इमारतीचे काम १८२१ च्या सुमारास सुरू झाले ते लॉटरीच्या पैशांवर. पैसे संपले, काम रखडले आणि अखेर कंपनी सरकारने तिजोरी उघडल्यावर १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. म्हणजे बारा वर्षे. काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीची हकीकत याहून बोलकी आहे. १८४७ साली सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी यंत्रांच्या प्रतिकृती आणि वास्तुरचनेचे आराखडे ठेवण्यासाठी संग्रहालय आणि ग्रंथालय काढायचे ठरवले. हातात हत्यार धरणाऱ्यांची ही संस्था, पण तिला स्वतःचे छप्पर मिळायला १८७० साल उजाडले. डेव्हिड ससून यांनी ६०,००० रुपये दिले, एकूण खर्च सव्वा लाखावर गेला आणि उरलेली रक्कम मुंबई सरकारने घातली. ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले, त्यामुळे मालाडच्या पिवळसर दगडातली ही देखणी वास्तू त्यांनी पाहिलीच नाही. ज्यांनी कल्पना काढली त्या कारागिरांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? इमारतीवर नाव दात्याचे आहे, आणि पैशाचा स्रोत पाहता त्यात गैर काही नाही.

दाता किंवा सरकार, या दोनच वाटा तोवर माहीत होत्या. तिसरी वाट बडोद्याने काढली.

सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आले, १८८१ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण सक्तीच्या शाळेतून बाहेर पडलेले पोर शेतात गेले की दोन-चार वर्षांत अक्षर विसरते, ही अडचण लवकरच उघडी पडली. शिकवलेले टिकवायचे तर गावात वाचायला काहीतरी हवे. त्याच १९०६ च्या अमेरिका प्रवासात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये न्यू हेवन इथल्या एका ग्रंथालयाचे प्रमुख विल्यम ॲलनसन बॉर्डन यांना बडोद्यात बोलावून घेतले.

त्या काळी अमेरिकेत ग्रंथालयांच्या इमारतींचे मोठे पर्व चालू होते, आणि त्यामागे अँड्र्यू कार्नेगी यांचा पैसा होता. जगभर मिळून अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये या पैशातून उभी राहिली. कार्नेगींची अट सोपी आणि कडक होती: जागा गावाने द्यायची आणि इमारतीला जितकी रक्कम मिळेल तिच्या दहा टक्के दरवर्षी करातून ग्रंथालय चालवण्यासाठी ठेवायची. दहा हजार डॉलरची इमारत हवी असेल तर वर्षाला हजार डॉलरची हमी. सगळा पत्रव्यवहार त्यांचे चिटणीस जेम्स बर्ट्राम सांभाळत. गावोगावचे वास्तुविशारद घुमट, शेकोट्या आणि भव्य दालने रेखाटून पैसे उधळतात, असे दिसल्यावर बर्ट्राम यांनी १९११ मध्ये एक छोटी पुस्तिका छापून अर्जदारांना पाठवायला सुरुवात केली. तिच्यातल्या सूचना वाचल्या की बांधकामावर खरी पकड असलेला माणूस कसा विचार करतो ते कळते. मागच्या आणि बाजूच्या खिडक्या जमिनीपासून सहा-सात फूट उंच घ्या, म्हणजे त्यांच्या खालची सगळी भिंत पुस्तकांच्या फळ्यांना मिळते. एकाच मेजामागे बसलेल्या ग्रंथपालाला सगळे दालन दिसेल अशी मांडणी करा. खिडकीची उंची ठरवताना फळीचा विचार करणे, यालाच नियोजन म्हणायचे.

बडोद्याने ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही, आणि तेच बरे झाले. कार्नेगींच्या योजनेत इमारत सर्वस्वी दात्याची आणि पोसण्याचा भार गावाचा. बडोद्यात भार पहिल्या विटेपासूनच वाटून घेतला गेला. गावातल्या वाचनालयासाठी लोकांनी रक्कम जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच संस्थान सरकार. वार्षिक अनुदानाला मर्यादा होती: गावाला शंभर रुपये, कसब्याला तीनशे, प्रांताच्या मुख्य शहराला सातशे. इमारत बांधायची असेल तरी सूत्र तेच. खर्चाचा एक तृतीयांश गावाचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा. क्रमही महत्त्वाचा होता. आधी गावाचे पैसे, मग बाकीच्या दोघांचे.

या क्रमात शहाणपण आहे. सरकारने आधी इमारत बांधून दिली असती तर ती सरकारची झाली असती. कौले फुटली तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. गावाने आधी वर्गणी काढली तर पैसे मागायला कोण हिंडले, कोणी किती दिले आणि कोणी नाकारले हे सगळ्या गावाला ठाऊक होते. दिलेल्या पैशाचे काय झाले हे विचारायचा हक्क त्यातूनच येतो, आणि बांधकामावर देखरेख ठेवायला पगारी माणूस मिळाला नाही तरी डोळे शंभर असतात. शिवाय ज्या गावाला वाचनालय नकोच आहे, तिथे इमारत उभी राहत नाही. सार्वजनिक पैशाची याहून चांगली राखण कुठलीही तपासणी समिती करू शकत नाही.

अर्थात फक्त सूत्राने गावे जागी होत नाहीत. बॉर्डन येण्याआधीपासून मोतीभाई अमीन हे शिक्षक मित्रमंडळांच्या नावाने गावोगाव वाचनालये काढत होते. ग्रंथालयांचे सरकारी खाते निघाल्यावर तेही त्या कामात आले. चरोतरासारख्या सधन भागात हा जोर जास्त होता, कारण वर्गणी द्यायला पैसा आणि शिकलेली पोरे दोन्ही तिथे होती. आणि योजनेचा कच्चा दुवाही हाच आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. समान वाट्याची अट श्रीमंत गावाला सोयीची आणि गरीब गावाला जाचक असते. एक तृतीयांश ज्याच्याकडे नाही त्याला बाकीचे दोन तृतीयांशही मिळत नाहीत.

त्या गावांसाठी खात्याने लाकडी पेट्या काढल्या. एकेका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके. रेल्वेचे भाडे येताना-जाताना सरकारच भरे, वाचकाला काही पडत नसे. शाळामास्तर किंवा गावातला कोणी जबाबदार माणूस पेटी मागवून घेई, लोक पुस्तके वाचत, मग पेटी परत जाई आणि दुसरी येई. शाळेच्या किंवा धर्मशाळेच्या कोपऱ्यात मावणारे हे ग्रंथालय. पेटीची सवय लागली की गावाला कपाट हवेसे वाटते, कपाट भरले की खोली. बांधकामाचे नियोजन असे वाचकांपासून सुरू झाले आणि विटांपर्यंत पोहोचले.

बॉर्डन १९१३ मध्ये परतले. त्यांच्यानंतर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाकडे आली. या चळवळीवर १९१९ साली निघालेले इंग्रजी पुस्तक त्यांचेच. खात्याच्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीला मराठी मजकूरही असे. गावांतल्या आणि शहरांतल्या मिळून वाचनालयांची संख्या पुढे हजाराच्या वर गेली.

बडोदा शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला स्वतःची इमारत मिळाली ती मात्र बऱ्याच उशिरा. महाराजांच्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तके घेऊन १९१० मध्ये ते सरकारवाड्यात सुरू झाले आणि १९३१ साली मांडवी भागातल्या आजच्या वास्तूत गेले. पुस्तकांचे तिमजली भांडार आत गेल्यावर लक्ष वेधून घेते: मांडण्या धातूच्या, आणि मजल्यांची जमीन जाड काचेची. वरून आलेला दिवसाचा उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो. पुस्तकांचे तीन मोठे वैरी म्हणजे आग, वाळवी आणि ओल. लाकूडच नाही म्हटल्यावर पहिल्या दोघांची भीती बरीच कमी झाली, आणि दिव्यांची गरजही. गावांना आधी छप्पर मिळू दिले आणि राजधानीचे ग्रंथालय वीस वर्षे जुन्या वाड्यात थांबले, हा क्रम आज कुठल्या सरकारला सुचेल?

महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालय कायदा केला आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन वार्षिक अनुदान सुरू केले. त्यातून ग्रंथखरेदी आणि सेवकांचे वेतन कसेबसे भागते. कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, त्यामुळे इमारतीचा प्रश्न प्रत्येक संस्थेला आपापला सोडवावा लागतो. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे इमारतीसाठी मदत मागता येते, आणि तिथेही ग्रंथालयाला स्वतःचा वाटा दाखवावा लागतो. बडोद्याचे तत्त्व त्या नियमात अजून जिवंत आहे. मधला दुवा मात्र गळाला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थेने तिसरा हिस्सा घालायचा ही सक्ती नसल्यामुळे, देवळाच्या ओवरीत किंवा भाड्याच्या खोलीत संसार थाटलेली वाचनालये तिथेच राहतात.

आज गावात नवी इमारत उठते ती बहुधा आमदार किंवा खासदार निधीतून. पैसा वरून येतो, ठेकेदार बाहेरून येतो, पाटी लागते. खिडक्या किती उंच, फळ्या कुठे, ग्रंथपाल बसणार कुठे आणि त्याचा पगार कोण देणार, हे विचारायला गावाच्या हाती काही नसते, कारण गावाचे त्यात काही गेलेले नसते. ग्रामसभेने पायाभरणीच्या आधी एवढे चार प्रश्न कागदावर घ्यावेत आणि आपला हिस्सा, मग तो एक तृतीयांश नसून एक दशांश का असेना, आधी जमा करावा.

आणि एक विनंती जुन्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना. शंभरी ओलांडलेल्या अनेक संस्थांच्या कपाटांत इमारत निधीच्या वर्गणीच्या वह्या असतील. मोठ्या देणगीदारांची नावे संगमरवरावर असतात, चार आणे देणाऱ्याचे नाव फक्त त्या वहीत असते. जीर्णोद्धाराच्या साफसफाईत त्या वह्या रद्दीत घालू नका. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा, जमल्यास संस्थेच्या अंकात छापा. महाराष्ट्रातली वाचनालये कोणी बांधली याचा पुरावा त्या वह्यांत आहे.