साहसाची पुस्तके आणि गाळलेली पाने

माझी नात यंदा बारा वर्षांची झाली. तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमात, खेळणे-भांडणे हिंदीत आणि मराठी घरापुरती. आपल्या इंदूरच्या जुन्या घरांतून हे चित्र आता नवे राहिलेले नाही. मराठी तिला उत्तम समजते. वाचताना मात्र ओळीओळीवर अडखळते. अशा मुलीच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न मला पडला आणि लहानपणी आम्हांला ज्यांनी वेड लावले ती साहसकथांची पुस्तके आठवली. जो वाचक 'पुढे काय झाले?' या एका प्रश्नासाठी पान उलटतो, तो भाषेच्या अडचणीला सहसा दाद देत नाही.

आरंभ रॉबिन्सन क्रूसोपासून केला. डॅनियल डिफोची ही कादंबरी 1719 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पॅसिफिक महासागरातील एका निर्जन बेटावर चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिलेला आणि 1709 साली सुटका झालेला अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटिश खलाशी तिच्यामागे असावा, असे सामान्यतः मानले जाते. नातीला मी दिलेली आवृत्ती संक्षिप्त व सचित्र होती. ती दोन दिवसांत संपवून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, क्रूसोबरोबर होडीतून पळालेला तो झुरी नावाचा मुलगा पुढे कुठे गेला?"

पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. मूळ ग्रंथात ते आहे. आपल्याबरोबर गुलामगिरीतून पळालेल्या त्या मुलाला क्रूसो एका पोर्तुगीज कप्तानाला साठ चांदीच्या नाण्यांना देऊन टाकतो. इतकेच नव्हे, तर ज्या सफरीत त्याचे जहाज फुटते आणि तो बेटावर येऊन पडतो, ती सफरच मुळी आफ्रिकेतून गुलाम आणण्यासाठी निघालेली असते. मुलांसाठी पुस्तक सोपे करताना नेमका हाच भाग पुष्कळदा गाळला जातो. मग क्रूसो केवळ उद्योगी, धीराचा गृहस्थ उरतो. सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो : फाइलीतले एखादे पान काढलेले दिसले, की तेच आधी शोधावे. साहसाच्या पुस्तकांनाही हा नियम लागू पडतो, हे मला नातीच्या प्रश्नामुळे उमगले.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याचा कॅप्टन नेमो कित्येकांनी वाचला असेल. समुद्राखालून पाणबुडी हाकणारा, जगावर रुसलेला हा पुरुष मूळचा कोण, याचा पत्ता पहिल्या कादंबरीत लागत नाही. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा एक सरदार होता व रशियाच्या झारविरुद्धचा सूड हे त्याच्या संतापाचे कारण होते. परंतु रशियातील वाचक व तेथील सरकार दुखावेल, या विचाराने प्रकाशक एत्झेल याने त्यास विरोध केला. म्हणून नेमोचे कूळ झाकून ठेवण्यात आले. पुढे 1874-75 साली आलेल्या 'गूढ बेट' या अर्थाच्या कादंबरीत ते उघड झाले. नेमो हा बुंदेलखंडातील एका राजाचा मुलगा, राजपुत्र दक्कार. 1857च्या उठावात लढलेला आणि त्यात आपले सारे कुटुंब गमावलेला. व्हर्न हिंदुस्थानात कधीही आला नव्हता. त्यामुळे त्याने या बुंदेली राजपुत्राला टिपू सुलतानाचा भाचा करून टाकले, याचे आपण फार वाईट वाटून घेऊ नये. पण गंमत पुढेच आहे. या कादंबरीचे पहिले इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा नेमोच्या तोंडचे इंग्रजी राज्याविरुद्धचे कठोर बोल त्यात सौम्य करण्यात आले. एकाच पात्राची जीभ अशी दोनदा आवरली गेली. एकदा रशियाच्या भिडेने आणि एकदा इंग्रजांच्या.

व्हर्नला मराठीत आणणाऱ्यांपैकी भा. रा. भागवत हे आपल्या इंदूरचे. त्यांचा जन्म येथे 1910 साली झाला व 2001 साली ते निवर्तले. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' ही त्यांची रूपांतरे आणि फुरसुंगीचा त्यांचा फास्टर फेणे यांनी मराठी मुलांच्या काही पिढ्यांना वाचते केले.

नेमो हा कल्पनेतला बुंदेलखंडी. त्याच बुंदेलखंडात, त्याच धामधुमीत एक खराखुरा मराठी माणूस सापडला होता आणि त्याने स्वतः पाहिलेले लिहून ठेवले आहे. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. घर कर्जात, म्हणून बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून ते दक्षिणेच्या आशेने 1857 साली काकांसह उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास त्यांना बंडाची बातमी कळली, तरी ते मागे फिरले नाहीत. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत ते झाशीला पोहोचले. 1858च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घालून ती घेतली, तेव्हा भटजी शहरातच होते. कत्तल, लूट, आगी आणि मौल्यवान ग्रंथांची झालेली धूळधाण हे सारे त्यांनी नोंदविले. पुढे काळपीच्या वाटेवर, घोड्यावरून आलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई त्यांना विहिरीपाशी भेटली, तो प्रसंग तर कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा आहे. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. अखेर ते गंगेचे पाणी घेऊन वरसईस परतले.

हा वृत्तान्त भटजींनी 1883च्या सुमारास लिहिला, तो चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्य हे पुढे ग्वाल्हेर संस्थानात न्यायखात्यात मोठ्या पदावर होते. त्यांनी 'माझा प्रवास' 1907 साली, भटजींच्या पश्चात, प्रसिद्ध केला. मात्र इंग्रजी अमलाचे भान ठेवून मजकुरात फेरफार केले आणि भाषाही सुधारली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली काढली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक भटजींना दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता.

वैद्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते फेरफार केले नसते, तर कदाचित पुस्तक निघालेच नसते. एत्झेललाही धंदा सांभाळायचा होता. परंतु आज आपल्यावर तसे दडपण नाही. मग आपण मुलांना छाटलेलीच पुस्तके का द्यावीत? भटजींच्या लिखाणात ऐकीव गोष्टी आहेत, जातीच्या समजुती आहेत, काही वर्णने कोवळ्या वयाला न मानवणारीही आहेत. क्रूसोत गुलामांचा व्यापार आहे. हे सर्व लपवून मुलांना साहस तेवढे दाखविले, तर त्या साहसाची किंमत कोणी मोजली, हे त्यांना कधीच कळणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. दहा-अकराव्या वर्षी स्टीव्हन्सनचे 'ट्रेझर आयलंड' द्यावे. 1881 साली स्कॉटलंडमध्ये आपल्या सावत्र मुलाच्या सहवासात बेटाचा एक नकाशा काढता काढता लेखकाला ही कथा सुचली आणि 1883 साली ती पुस्तकरूपाने आली. त्याबरोबर भागवतांची पुस्तके असावीत. त्यानंतर क्रूसो, पण संपूर्ण, मग नेमो. चौदा-पंधराव्या वर्षी 'माझा प्रवास', आणि तो पोतदारांच्या आवृत्तीतून. त्यातली जुनी मराठी मुलांना एकट्याने झेपणार नाही. आपण शेजारी बसून रोज दोन पाने मोठ्याने वाचावीत.

आमच्याकडे सध्या तसेच चालले आहे. नात अजून बारा वर्षांची आहे, म्हणून झाशीच्या कत्तलीची पाने मी पुढच्या वर्षांसाठी ठेवली आहेत. पण ती आहेत व ठेवली आहेत, हे तिला सांगितले आहे. परवा 'महू' हा शब्द तिने मराठीत न अडखळता वाचला आणि विचारले, "म्हणजे आपलेच महू?" होय, म्हटले, आपलेच. भटजी या वाटेने गेले होते.