'काबीरिया'मधलें रोम

'काबीरिया' हा मूकपट १८ एप्रिल १९१४ रोजीं इटलींतील तुरीन शहरीं प्रथम दाखविण्यांत आला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील रोम व कार्थेज यांचें युद्ध हा त्याचा विषय. एटना पर्वताचा स्फोट होतो, काबीरिया नांवाची बालिका चांच्यांच्या हातीं सांपडते आणि कार्थेजमध्यें मोलखाच्या अग्निकुंडांत तिचा बळी पडणार, तोंच एक रोमन सरदार व त्याचा धिप्पाड गुलाम माचिस्ते तिला सोडवितात. माचिस्तेचें काम करणारा पागानो हा मूळचा जिनोआ बंदरावरचा हमाल. प्रेक्षकांनीं नायकाला सोडून त्यालाच डोक्यावर घेतलें!

जाहिरातींत कर्ता म्हणून दान्नुन्त्सिओ या कवीचें नांव झळकलें. वस्तुतः कथेची जुळणी व दिग्दर्शन जोव्हान्नी पास्त्रोने याचें. कवीनें ५०,००० लिरा घेऊन पडद्यावरील मजकूर सजविला, पात्रांना नांवें दिलीं आणि आपली सही दिली. कॅमेरा गाड्यावर चढवून त्याला भव्य देखाव्यांतून हळूहळू फिरविण्याची कल्पनाहि पास्त्रोनेचीच.

परंतु या चित्रांत इतिहास कितपत आहे? हनिबलनें ख्रिस्तपूर्व २१८ मध्यें आल्प्स ओलांडला, हें निर्विवाद. सोफोनिस्बेच्या विषप्राशनाची हकीकत लिव्ही सांगतो. आर्किमिडीज मात्र येथें आरशांनीं रोमन आरमार जाळतो. सिराक्यूजचा वेढा सविस्तर वर्णिणारे पॉलिबियस व लिव्ही या आरशांचें नांवहि काढीत नाहींत. बालबळीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कार्थेजच्या उत्खननांत अर्भकांच्या अस्थींचे कलश निघाले. पण तीं मुलें बळी दिलेलीं कीं आजारानें गेलेलीं, याविषयीं पंडितांचें अद्याप एकमत नाहीं. लेखी पुरावा आहे तो बहुतेक ग्रीक-रोमनांचा. कार्थेजची बाजू सांगणारा कार्थेजचा स्वतःचा इतिहासग्रंथ एकहि उरला नाहीं; ख्रिस्तपूर्व १४६ मध्यें रोमनांनीं तें शहरच उद्ध्वस्त केलें.

मग १९१४ च्या इटलीला आफ्रिकेंतील शत्रू इतका क्रूर व रोमन इतका दयाळू दाखविण्याची गोडी कां वाटावी? १९११-१२ मध्यें तुर्कांशीं लढून इटलीनें लिबिया घेतला होता, तो ताजा विजय प्रेक्षकांच्या मनांत होता. पुढें १९३६ मध्यें हबसाण जिंकल्यावर, १९३७ सालीं, तोच हनिबल व तोच स्किपिओ घेऊन इटलींत दुसरा भव्य चित्रपट निघाला. त्याला पैसा मुसोलिनीच्या सरकारनें पुरविला होता.