हक्काची हमी आणि जमिनीची माहिती : न्यूझीलंडमधील घरखरेदीच्या दप्तराचा इतिहास

न्यूझीलंडमध्ये १८७० च्या लँड ट्रान्स्फर अ‍ॅक्टने टॉरेन्स पद्धत आणली, म्हणजे सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव मालक म्हणून चढले त्याच्या मालकीची हमी शासनाने स्वतःकडे घेतली, आणि जुन्या खरेदीखतांची साखळी पिढ्यानपिढ्या मागे तपासत नेण्याच्या कष्टातून खरेदीदार बराचसा मोकळा झाला. परंतु ही हमी हक्काची होती, जमिनीची नव्हती. तो तुकडा भरावावर आहे, खचणाऱ्या उतारावर आहे की नदीच्या जुन्या पात्रात, याविषयी नोंदवही मौन पाळत असे. आणि भूकंप, दरडी व पूर ज्या देशाच्या पाचवीला पुजलेले, तिथे ही उणीव शंभराहून अधिक वर्षे चालून गेली हे आश्चर्यकारक आहे. सातबाराच्या उताऱ्यात भोगवटादार, क्षेत्र, पीक आणि बोजा सापडतो, पूररेषा मात्र पाटबंधारे खात्याच्या नकाशावर शोधावी लागते, हे ठाऊक असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या उणिवेचे स्वरूप सहज उमगेल.

८ ऑगस्ट १९७९ च्या रात्री ड्युनेडिन शहराच्या अ‍ॅबट्सफर्ड या उपनगरात वस्तीसह डोंगरउतारच खाली सरकला. जीवितहानी झाली नाही, पण ६९ घरे गेली. चौकशी आयोगाने उताराच्या दिशेने कललेले चिकणमातीचे कमकुवत थर हे मूळ कारण ठरवले, आणि पायथ्याशी पूर्वी झालेले वाळूचे उत्खनन व वरच्या बाजूची गळकी जलवाहिनी यांनी त्याला हातभार लावल्याचे नोंदवले. भूगर्भ, खाण आणि पाणीपुरवठा या तिन्ही बाबी कोणाच्या ना कोणाच्या अखत्यारीतल्या होत्या. घर घेणाऱ्या कुटुंबाला त्या एकत्र वाचता येतील असा कागद तेवढा नव्हता.

तो कागद कायद्याने मिळाला तो १९९१ च्या दुरुस्तीनंतर. स्थानिक शासनाच्या माहितीविषयक १९८७ च्या कायद्यात कलम ४४अ घालण्यात आले आणि त्यातून ‘लँड इन्फर्मेशन मेमोरँडम’, रूढ संक्षेपात ‘लिम’, जन्माला आला. अर्ज आल्यावर कामाच्या दहा दिवसांत परिषदेने, म्हणजे शहराचा किंवा जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या लोकनियुक्त संस्थेने, धूप, दरड, खचणे, पूर व विषारी अवशेष यांविषयी आपल्याला असलेली माहिती, सांडपाण्याच्या वाहिन्या, थकीत कर आणि दिलेले बांधकाम परवाने त्यात लिहून द्यायचे असतात. ‘आपल्याला असलेली’ ही मर्यादा फार महत्त्वाची आहे, कारण परिषद त्यासाठी जागेची पाहणी करीत नाही आणि विनापरवाना काढलेली खोली लिममध्ये दिसत नाही. म्हणूनच जाणता खरेदीदार परिषदेच्या दप्तरातील मंजूर नकाशे मागवून ते प्रत्यक्ष घराशी ताडून पाहतो. धोक्याच्या जमिनीवर बांधकामास परवानगी देताना २००४ च्या बिल्डिंग अ‍ॅक्टच्या कलम ७३ नुसार तशी नोंद थेट मालकीपत्रावरच केली जाते, आणि अशा नोंदीमुळे नैसर्गिक आपत्तीच्या सरकारी विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.

लिहिले ते चुकले तर उत्तरदायी कोण, हा प्रश्न ओघानेच आला. मार्लबरो भागातील एका द्राक्षमळ्याच्या खरेदीत लिमने पाणी उचलण्याचा हक्क प्रत्यक्षाहून जास्त दाखवला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेवर खरेदीदाराप्रती काळजी घेण्याचे कर्तव्य होते असे ठरवले. त्याच वर्षी कापिटी किनाऱ्यावरील सुमारे १८०० मालमत्तांच्या लिममध्ये समुद्राच्या धुपेच्या संभाव्य रेषा आल्या आणि आपल्या घरांची किंमत कोसळेल या भीतीने रहिवासी खवळून उठले. अशी माहिती देणे परिषदेला चुकवता येणार नाही, पण ती निःपक्षपणे मांडली पाहिजे, अशी भूमिका उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घेतली. पुढे तज्ज्ञांच्या फेरतपासणीत त्या रेषा पुरेशा भक्कम ठरल्या नाहीत. रहिवाशांचा संताप समजण्यासारखा असला, तरी त्यांच्यानंतर तीच घरे विकत घेणाऱ्यांचा विचार त्या गदारोळात फारसा झाला नाही.

क्राइस्टचर्चच्या २०१०-११ च्या भूकंपांत जमिनीचे द्रवीभवन झाले, म्हणजे पाण्याने भिजलेली वाळू हादऱ्याने चिखलासारखी वाहू लागली, आणि सुमारे ८००० मालमत्तांची वस्ती कायमची उठवावी लागली. वास्तविक द्रवीभवनाच्या धोक्याचे नकाशे प्रादेशिक परिषदेने, म्हणजे लिम देणाऱ्या स्थानिक परिषदेहून वेगळ्या संस्थेने, आधीच प्रसिद्ध केलेले होते. ज्ञान एका संस्थेकडे आणि खरेदीदाराचा कागद दुसरीकडे, ही फारकत मिटवण्यासाठी १९८७ च्या त्याच कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने प्रादेशिक परिषदांवर नैसर्गिक धोक्यांची माहिती स्थानिक परिषदांना पुरवण्याचे बंधन घातले, हवामानबदलाचे परिणाम त्यात आणले, आणि सद्भावनेने दिलेल्या अशा माहितीबद्दल परिषदांना दाव्यांपासून संरक्षण दिले.